आरव्ही पार्कमधला मुक्काम: या चुका टाळा

अमेरिकेत सुटीसाठी मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणारे कुटुंब गाडी निवडण्यात महिना घालवते, रस्त्याचा नकाशा पंधरा दिवस न्याहाळते आणि ती गाडी रात्री जिथे उभी राहणार त्या जागेचा विचार मात्र बहुधा वाटेत, पेट्रोल भरताना करते. आरव्ही पार्क, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला उभ्या करण्याची जागा, हे एक हॉटेलच, फक्त खोली आपण सोबत घेऊन आलो आहोत, अशी यामागे समजूत असते. प्रत्यक्षात पैसे भरून आपल्याला मिळते ती एक आखलेली जागा, विजेचा एक खांब, पाण्याची एक तोटी आणि पार्क त्या सोयीचे असेल तर जमिनीतून वर आलेले सांडपाण्याचे एक तोंड. ही सगळी जोडणी स्वतः करणे, ती बरोबर झाली की नाही हे पाहणे आणि निघताना सगळे आवरून घेणे हे पाहुण्याचेच काम असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एका समजुतीतून जन्म घेतात.

बुकिंग करतानाच्या चुका

पहिली चूक म्हणजे ‘हुकअप’ या शब्दाकडे दुर्लक्ष करणे. ‘फुल हुकअप’ म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या. ‘पार्शल’ म्हणजे सहसा वीज आणि पाणी. आणि काहीच लिहिलेले नसेल तर काहीच मिळणार नाही, असे धरून चालावे. खासगी पार्कांमध्ये तिन्ही जोडण्या सहज मिळतात. १९६२ साली मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज येथे सुरू झालेली केओए ही त्यांतली सर्वांत परिचित साखळी. राष्ट्रीय उद्यानांमध्ये चित्र बरोबर उलटे असते. यलोस्टोनसारख्या अवाढव्य उद्यानात तिन्ही जोडण्या देणारे ठिकाण एकच आहे, फिशिंग ब्रिज. आणि तो परिसर ग्रिझली अस्वलांचा असल्यामुळे तिथे तंबू किंवा कापडी भिंतींचे घडीचे ट्रेलर चालत नाहीत, टणक भिंतींचीच गाडी लागते. योसेमिटीच्या दरीतल्या कॅम्पग्राउंडांत तर एकही जोडणी नाही. तिथे तीन रात्रींचा मुक्काम ठरवून गेलेल्याला दुसऱ्या संध्याकाळी सांडपाण्याच्या भरलेल्या टाक्या आणि उतरलेली बॅटरी यांचे दर्शन घडते.

दुसरी चूक लांबीची. भाड्याच्या गाडीच्या जाहिरातीत लिहिलेला आकडा हे बरेचदा गाडीच्या गटाचे नाव असते; मागची शिडी, सायकलींचा स्टँड आणि ओढून न्यायचे वाहन धरून खरी लांबी किती भरते हे टेपने मोजूनच कळते. जागेची कमाल लांबी ओलांडली तर गाडीचे नाक अंतर्गत रस्त्यावर येते आणि कर्मचारी ती जागा नाकारू शकतात. लांबीचा प्रश्न रस्त्यांनाही आहे. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्यावर ॲव्हलांच क्रीक ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनांना, आरसे धरून, बंदी आहे. म्हणजे २५ फुटी मोटरहोम घेऊन पश्चिमेच्या बाजूने आत शिरायचे आणि पूर्वेकडच्या कॅम्पग्राउंडात रात्र काढायची, असा बेत नकाशावर कितीही सरळ दिसला तरी प्रत्यक्षात उद्यानाला वळसा घालावा लागतो.

सरकारी कॅम्पग्राउंडांतल्या बऱ्याच जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि नामांकित ठिकाणच्या जागा काही मिनिटांत संपतात, त्यामुळे ‘बघू तिथे गेल्यावर’ हे उन्हाळ्यात चालत नाही. जागा निवडताना ‘पुल-थ्रू’ आणि ‘बॅक-इन’ हे दोन शब्द पाहावेत. पहिल्या प्रकारात गाडी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, दुसऱ्यात ती मागे घेऊन लावावी लागते. ज्याने मोटरहोम कालच ताब्यात घेतली आहे त्याने चार डॉलर जास्त पडले तरी पुल-थ्रू घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजेड असताना पोहोचावे. रात्री कार्यालय बंद झाल्यावर येणाऱ्यांसाठी दारावर जागेचा क्रमांक लिहिलेले पाकीट लावून ठेवण्याची पद्धत अनेक पार्कांत आहे, पण त्या पाकिटाने झाडाची खाली आलेली फांदी दिसत नाही.

विजेचा खांब

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर. खांबावरच्या पेटीचे झाकण वर उचलले की सहसा तीन सॉकेट दिसतात: चार खाचांचे ५० अँपिअरचे, तीन खाचांचे ३० अँपिअरचे आणि घरात असते तसे २० अँपिअरचे. प्रत्येकाला स्वतंत्र ब्रेकर, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, असतो. केबल लावण्यापूर्वी तो ब्रेकर बंद असला पाहिजे, केबल पूर्ण आत बसल्यावरच तो सुरू करावा आणि केबल काढतानाही आधी ब्रेकर बंद करावा. चालू ब्रेकरवर प्लग खुपसल्याने उडणारी ठिणगी सॉकेटच्या पात्या जाळते. सॉकेट काळवंडलेले किंवा सैल दिसले तर संकोच न करता दुसरी जागा मागावी.

३० अँपिअरची गाडी १२० व्होल्टवर चालते, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३,६०० वॅट. छतावरचा एसी साधारण १२ ते १६ अँपिअर घेतो, विजेवर चालणारा पाणी तापवण्याचा हीटर सुमारे १२, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढेच आणि १,५०० वॅटचा हेअर ड्रायर साडेबारा. यांतली कोणतीही दोन उपकरणे जेमतेम सोबत चालतात. तिसरे सुरू केले की ब्रेकर पडतो.

आमच्या पहिल्या सहलीत नेमके हेच झाले, आणि ते आम्हाला कळलेही नाही. एसी सुरू होता, हीटरचे बटण दुपारपासून चालू राहिले होते आणि कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवले. एसी थांबला, मायक्रोवेव्ह बंद पडला, पण दिवे लख्ख जळत होते. त्यामुळे वीज गेली आहे हे कुणाच्या डोक्यातच आले नाही आणि ‘गाडीचा एसी बिघडला’ अशी तक्रार घेऊन मी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: “खांबावरचा ब्रेकर पाहिलात का?” मोटरहोममधले दिवे, पाण्याचा पंप आणि पंखे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. बाहेरची वीज तुटली तरी ते सुरूच राहतात आणि बॅटरी गुपचूप उतरत जाते. सकाळी पंपाचा आवाज बसल्यावर मग खरी परिस्थिती समजते.

म्हणून तपासण्याचा क्रम असा ठेवावा: मायक्रोवेव्हचे घड्याळ जळते आहे का हे आधी पाहावे. ते विझलेले असेल तर खांबावरचा ब्रेकर. तो ठीक असेल तर गाडीतल्या पॅनेलचे ब्रेकर. आणि फक्त स्वयंपाकघरातली किंवा न्हाणीघरातली सॉकेट मृत असतील तर गाडीतल्या एखाद्या सॉकेटवरचे ‘रीसेट’ लिहिलेले छोटे बटण. ब्रेकर पुन्हा चढवण्यापूर्वी एखादे मोठे उपकरण बंद करावे, नाहीतर तो लगेच पुन्हा पडतो.

५० अँपिअर म्हणजे ३० पेक्षा वीस जास्त, असा सरळ हिशेबही चुकीचा आहे. ५० च्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असतात आणि प्रत्येकीवर ५० अँपिअर, म्हणजे एकूण १२,००० वॅट मिळतात. दोन एसींची मोठी गाडी अडॅप्टर लावून ३० च्या सॉकेटला जोडता येते, पण तेव्हा तिलाही ३,६०० वॅटमध्येच भागवावे लागते. उन्हाळ्याच्या दुपारी सगळे पार्क एसी लावून बसले की जुन्या वायरिंगच्या पार्कात व्होल्टेज घसरते आणि त्याचा फटका एसीच्या कॉम्प्रेसरला बसतो. खांब आणि केबल यांच्यामध्ये बसणारे व्होल्टेज-संरक्षक यंत्र अशा वेळी वीज आपोआप तोडते. स्वतःची गाडी असेल तर ते घेणे मला चैनीची गोष्ट वाटत नाही.

पाणी

तोटीचा दाब पार्कागणिक बदलतो आणि गाडीतले प्लॅस्टिकचे सांधे घरच्या नळाइतके सोशिक नसतात. दाब ४० ते ५० पीएसआयच्या आसपास आणणारा रेग्युलेटर गाडीकडे न लावता तोटीलाच लावावा, म्हणजे मधली नळीही वाचते. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी असते, बहुधा पांढरी किंवा निळी. तिची आणि सांडपाण्याच्या सामानाची एका कप्प्यात गाठ पडू देऊ नये. गाडीच्या अंगावर पाण्याची दोन तोंडे असतात. ‘सिटी वॉटर’ लिहिलेल्या तोंडातून पाणी थेट नळांना जाते, दुसरे टाकी भरण्यासाठी असते. नळी चुकून दुसऱ्याला लावून फिरायला गेलात तर परत येईपर्यंत गाडीखाली तळे साचलेले असते. थंडीच्या रात्री पाणी गोठण्याची शक्यता असल्यास नळी काढून ठेवावी आणि टाकीतले पाणी पंपाने वापरावे.

मैल्याची टाकी, आणि उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह

या विषयावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणूनच इथली चूक सगळ्यांत महाग पडते. गाडीखाली दोन टाक्या असतात: शौचालयाची ‘ब्लॅक’ आणि मोरी-न्हाणीची ‘ग्रे’. सांडपाण्याची जोडणी मिळाली की दोन्ही व्हॉल्व्ह उघडून ठेवावेत आणि घरासारखे वापरावे, हा मोह स्वाभाविक आहे. ब्लॅक टाकीच्या बाबतीत तो घातक आहे. व्हॉल्व्ह उघडा असेल तर पाणी लगेच वाहून जाते, घनमैला आणि कागद मागे राहतात आणि शौचालयाच्या नळीखाली त्यांचा ढीग वाळून कडक होतो. तो ढीग काढायला मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचे यंत्र आणि ते वापरणारा माणूस बोलवावा लागतो.

ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा, टाकी साधारण दोन-तृतीयांश भरली की एकदम मोकळी करावी आणि त्यानंतर ग्रे सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने जाड नळी आपसूक धुतली जाते. रिकाम्या झालेल्या ब्लॅक टाकीत लगेच थोडे पाणी सोडावे. पाण्यात पटकन विरणारा कागदच वापरावा. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही छापलेले असले तरी, टाकीत टाकू नयेत. भिंतीवरचा दर्शक टाकी रिकामी करूनही ‘भरली’ असे दाखवत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आतल्या संवेदकाला कागदाचा तुकडा चिकटलेला असतो. गाडीत दुर्गंधी येत असेल तर आधी शौचालयाच्या भांड्यात तळाला थोडे पाणी उभे राहते का ते पाहावे, कारण ते पाणीच वास अडवते.

नळी जोडताना हातमोजे घालावेत, जमिनीकडचे टोक फिरवून घट्ट बसवावे आणि ते जागचे हलत नाही याची खात्री झाल्यावरच व्हॉल्व्ह ओढावा. जोडणी नसलेल्या कॅम्पग्राउंडात हे काम ‘डम्प स्टेशन’वर करायचे असते. तिथे दोन नळ असू शकतात. नळी धुण्याच्या नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशा अर्थाची पाटी असते आणि ती पाटी न वाचता ताज्या पाण्याची टाकी भरणारे लोक मी पाहिले आहेत. ग्रे टाकीतले पाणी ‘साबणाचेच तर आहे’ म्हणून गवतावर सोडणे बहुतेक ठिकाणी नियमबाह्य आहे.

जागेवर उभे राहताना

जागा सपाट दिसली तरी पाणसळ लावून पाहावी. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज कललेल्या गाडीत नीट काम करत नाही आणि तसाच चालवत राहिल्यास खराब होतो. आधी चाकांखाली फळ्या घालून गाडी समतल करावी, मग चाकांना ठोकळे लावावेत आणि शेवटी गाडीच्या बाजूचा, आतली जागा वाढवणारा सरकता भाग बाहेर काढावा. तो काढताना एकाने बाहेर उभे राहून झाड आणि विजेचा खांब यांच्यावर नजर ठेवावी. बाहेरचे छत, म्हणजे ऑनिंग, झोपण्यापूर्वी आणि फिरायला जाताना गुंडाळून ठेवावे, हवा कितीही शांत असो.

शेजारधर्म

रात्री दहा ते सकाळी सहा ही बहुतेक ठिकाणची शांततेची वेळ असते आणि तिचे पालन खरोखर होते. जनरेटरच्या वेळा यापेक्षाही मर्यादित असतात, त्या फलकावर पाहाव्यात. दुसऱ्याच्या जागेतून पायवाट काढणे असभ्य समजले जाते, ती जवळची असली तरी. शेकोटी लोखंडी कड्यातच पेटवावी आणि सरपण तिथल्याच परिसरातले विकत घ्यावे. यामागे खरे कारण आहे: २००२ साली मिशिगनमध्ये आढळलेला एमराल्ड ॲश बोरर हा ॲशची झाडे मारणारा कीटक जळाऊ लाकडातून दूरदूर पसरला. खाण्याचे सामान टेबलावर सोडून फिरायला जाऊ नये. अस्वलांच्या प्रदेशात तर त्याबद्दल दंडही होतो. वायफायच्या भरवशावर कार्यालयाची बैठक ठेवू नये, एवढेच त्याबद्दल पुरे.

निघण्याची वेळ बहुधा अकरा किंवा बारा असते आणि घाईत हमखास काहीतरी राहते. अँटेना, पायरी, सरकता भाग, ठोकळे आणि केबल हे चालकाने पाहिल्यावर दुसऱ्या कुणीतरी पुन्हा पाहावे. त्यानंतर गाडी एक लांबीभर पुढे घेऊन थांबवावी, खाली उतरावे आणि रिकाम्या झालेल्या जागेवरून एकदा चालत जावे. समतल करण्याच्या फळ्या तिथेच पडलेल्या सापडतात. पितळी रेग्युलेटर तर तोटीच्याच रंगाचा असल्यामुळे अनेकदा तोटीलाच लटकलेला राहतो.