तुर्कस्तानचा किनारा, प्राचीन नगरं आणि किल्ले: या चुका टाळा

एफेससला आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलैत, भर दुपारी बारा वाजता आणि खालच्या दरवाज्याने. डोक्यावर सावली नाही, पायाखाली तापलेला संगमरवर आणि समोर चढ. अर्ध्या वाटेत सासूबाई एका आडव्या पडलेल्या खांबावर टेकल्या. म्हणाल्या, "तुम्ही या बघून. मला आता सगळे दगड सारखेच दिसायला लागलेत." त्यांचं काय चुकलं? दोन दिवसांतलं ते आमचं पाचवं प्राचीन नगर होतं. त्याच किनाऱ्यावर पुढे आणखी दोनदा गेलो, तेव्हा कुठे या सहलीचं गणित थोडंफार जमलं.

आठ दिवसांत अख्खा देश

इस्तंबूल, कापादोकिया, पामुक्काले, एफेसस, अंताल्या आणि वर एक दिवस बोटीचा. बहुतेक टूरवाल्यांची यादी अशीच असते आणि स्वतः आखणारेही तिचीच नक्कल करतात. हा किनारा एकसलग नाही. इझमीरपासून बोद्रुमपर्यंतचा एजियन भाग वेगळा. फेथिये ते अंताल्या हा जुन्या लिशियाचा डोंगराळ पट्टा वेगळा. आणि अंताल्याच्या पूर्वेचा पेर्गे, आस्पेंदोस, सिदे, अलान्या हा सपाट भाग आणखी निराळा. आठ दिवस असतील तर यातले दोनच निवडा. सकाळी एक नगर, दुपारी समुद्र किंवा सरळ झोप, आणि ऊन उतरल्यावर किल्ला. एवढं पुरतं.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज चाळिशीला टेकतो. हिवाळ्यात गर्दी नसते, पण पाऊस असतो आणि बऱ्याच ठिकाणच्या बोटी बंद असतात. सुट्ट्यांमुळे उन्हाळाच वाट्याला आला, तर सकाळी आठला दरवाजा उघडताना तिकिटाच्या रांगेत उभे राहा. तिकीट खिडकी मुख्य दरवाज्याच्या आधी बंद होते, त्यामुळे संध्याकाळचा बेत काठावर ठेवू नका.

एफेसस: दरवाजा कुठला?

नगराला दोन दरवाजे आहेत, वरचा आणि खालचा. सेल्चुक गावातून येणारी दोल्मुश, म्हणजे आपल्या वडापसारखी शेअर मिनीबस, खालच्या बाजूला सोडते आणि लोक तिथूनच चढायला लागतात. त्यापेक्षा सेल्चुकहून वरच्या दरवाज्यापर्यंत टॅक्सी करा, उतरत उतरत नगर बघा आणि खालून दोल्मुशने परत या. ड्रायव्हरला 'एफेसस' म्हटलं तर कदाचित कळणार नाही. 'एफेस' म्हणा. (त्याच नावाची बिअरही आहे, त्यामुळे हॉटेलात हा शब्द जपून वापरा.) वरच्या दरवाज्याला फुकट सोडतो म्हणणारा भेटला, तर वाटेत गालिच्याचं किंवा चामड्याचं दुकान लागणार असं धरून चाला.

उतरताना क्युरेतीस रस्त्याच्या टोकाला सेल्ससचं ग्रंथालय दिसतं, तेव्हा सगळे मोबाइल काढतात. इथे घाई करू नका. दुसऱ्या शतकातली ही इमारत ग्रंथालय तर होतीच, पण समाधीही होती. सेल्सस हा रोमन प्रांताधिकारी, आणि त्याच्या मुलाने त्याला याच इमारतीखाली पुरलं. दर्शनी भिंत भूकंपात कोसळलेली. पडलेले तुकडे जुळवून ती १९७०च्या दशकात पुन्हा उभी केली. रस्त्यावरचा संगमरवर दोन हजार वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालाय. पावसाची एक सर आली की साबण लावल्यासारखा होतो. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

शेजारच्या उतारावरची छपराखालची घरं बरेच जण वेगळ्या तिकिटामुळे सोडून देतात. पहिल्या खेपेला आम्हीही सोडली. दुसऱ्यांदा गेलो आणि चुटपुट लागली. बाहेर राजेरजवाड्यांचे दगड, आत माणसांची घरं: भिंतीवरचे रंग, जमिनीवरचे मोझेक, अंगणं. वर छप्पर असल्याने ऊनही लागत नाही. काही वाचवायचंच असेल तर मग आर्टेमिस देवीच्या मंदिराचा अर्धा दिवस वाचवा. सात आश्चर्यांपैकी एक म्हणून लोक मोठ्या अपेक्षेने जातात. तिथे जुळवून उभा केलेला एक खांब, त्यावर करकोच्याचं घरटं आणि भोवती डबकं, एवढंच आहे. दहा मिनिटं पुष्कळ.

आणखी एक. थिएटरच्या वरच्या पायऱ्यांवर बसून लोक विचारतात, बंदर कुठे गेलं? समोरचा सरळ रस्ता बंदरालाच जात होता. नदीने आणलेल्या गाळाने ते भरत गेलं आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला. बंदर गेलं तसं नगरही ओस पडलं. हे ठाऊक असेल तर वर चढल्याचं सार्थक होतं.

कुशादासीला मोठी क्रूझ जहाजं लागली असतील तर सकाळी साडेनऊपासून दुपारपर्यंत इथे जत्रा असते. लवकर जा, नाहीतर तीननंतर.

व्हिसा आणि तिकिटं

ऑनलाइन व्हिसा पाच मिनिटांत मिळतो, हे परदेशातल्या नातेवाइकाचं बोलणं आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळायला शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा अथवा तिथला निवास परवाना लागतो. आधाराला दिलेला व्हिसा स्वतःच ई-व्हिसा असेल तर तो चालत नाही. बाकीच्यांनी रीतसर अर्ज करून स्टिकर व्हिसा घ्यायचा. आधी व्हिसा, मग परत न मिळणारी तिकिटं.

प्रवेश फीचे जुने आकडे धरून बजेट करू नका. परदेशी पर्यटकांचे दर गेल्या काही वर्षांत भराभर वाढलेत. तीन-चार मोठी ठिकाणं बघणार असाल तर म्युझियम पासचा हिशोब करा, मात्र आतली वेगळ्या तिकिटाची ठिकाणं त्यात येतात का ते बघून घ्या.

चुकीची बस

फेथियेहून अंताल्याला दोन वाटा आहेत. एक डोंगरातून, कोर्कुतेलीमार्गे, तीन-साडेतीन तासांची. दुसरी किनाऱ्याने काल्कान, काश, देम्रे करत जाणारी, जवळपास दुप्पट वेळेची. ओतोगारवर, म्हणजे बस स्टँडवर, नुसतं 'अंताल्या' म्हटलंत तर आतल्या वाटेची बस मिळते आणि काशला उतरायचं ठरवलेला माणूस खिडकीतून पाइनची झाडं बघत बसतो. 'साहिल' विचारा. अर्थ तोच, किनारा. बसलातच चुकीच्या गाडीत, तर मधेच उतरून शोधाशोध करू नका. सरळ अंताल्याला जा आणि तिथून किनाऱ्याने उलटे या. काही तास वाया जातील, मुक्काम बुडणार नाही.

टर्मेसॉसची अडचण निराळी. अंताल्याजवळचं, हजार मीटरवरचं डोंगरी नगर, ख्रिस्तपूर्व ३३३मध्ये अलेक्झांडरनेही ज्याचा नाद सोडला. राजगड-तोरणा करणाऱ्यांना चढ किरकोळ वाटेल, पण आत पाण्याचा थेंब विकत मिळत नाही आणि हमरस्त्यापासून वाहनतळ नऊएक किलोमीटर. टॅक्सी थांबवून ठेवा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

किल्ले

अलान्याला खालून उन्हात चढत जाऊ नका. समुद्रकाठावरून केबल कारने वर जा आणि तटबंदीच्या कडेने वस्तीतून उतरत कझल कुले या लाल बुरुजापाशी या. १२२६मध्ये सेल्जुक सुलतान अलाएद्दीन केयकुबादने बांधलेला हा आठकोनी बुरूज ३३ मीटर उंच आहे. शेजारीच त्या काळची जहाजबांधणीची गोदी. आपल्याकडे जलदुर्ग बघितलेल्यांचा पाय तिथून लवकर निघत नाही.

बोद्रुमच्या किल्ल्याला तासभर ठेवतात, ते चुकतं. भिंतींत हॅलिकार्नासच्या, म्हणजे जुन्या बोद्रुमच्या, मॉसोलियम या प्राचीन भव्य समाधीचे दगड बसवलेत आणि आत पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. १९८२मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी 'कान असलेली धातूची बिस्किटं' दिसली. ती निघाली तांब्याच्या लाद्या, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकात बुडालेल्या उलुबुरुन जहाजातल्या. तांबं दहा टनांच्या आसपास, सोबत कथील आणि निळ्या काचेचे गोळे. जहाज सापडलं काशजवळ, म्हणून लोक ते काशला शोधतात. ते बोद्रुमला आहे. तीन तास हाताशी ठेवा.

खिशातला दगड

मुलांना मोझेकचा रंगीत तुकडा किंवा खापरी हाती लागते आणि ती पिशवीत जाते. बाहेर पडण्याआधी पिशव्या बघा आणि असलेली वस्तू तिथेच ठेवा. पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. विमानतळावर सामान तपासताना दगड दिसला तर 'सापडला होता' हे उत्तर चालत नाही. प्रवेशद्वाराबाहेर जुनी नाणी विकणारेही भेटतील. नाणं खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर अडकलात.

शाकाहारींसाठी एवढंच की मसुराचं सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं. 'एत सुयु वार म?' म्हणजे मांसाचं पाणी आहे का, असं विचारून घ्या.

शेवटची होडी

काश आणि देम्रेच्या मधल्या केकोवा बेटाजवळच्या बुडालेल्या नगरावर पोहायला मनाई आहे, बोटीतूनच बघायचं. पण समोरचं कालेकॉय गाव, म्हणजे जुनं सिमेना, सोडू नका. गाडीरस्ता नाही. उचाअझ गावाहून होडीने जावं लागतं, नाहीतर पायवाटेने. वर छोटा किल्ला, आत खडकात कोरलेलं जेमतेम तीनशे माणसांचं थिएटर आणि खाली पाण्यात उभी असलेली दगडी शवपेटी. दुपारच्या गटांसोबत न जाता संध्याकाळी जा, आणि परत कधी न्यायचं ते होडीवाल्याशी जातानाच ठरवा, भाड्यासकट. आमचं ठरलं नव्हतं. सासूबाईंनी खुणेने त्याला थांबवलं, चहा पाजला आणि स्वतः किल्ल्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचल्या.