पासचे कागद जमवताना थांब्याचं नाव आधी बघा

सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपासून मोठ्या गावचं हायस्कूल, हे आपल्याकडच्या बऱ्याच खेड्यांचं ठरलेलं. मी हायस्कूलच्या ऑफिसात पोरांच्या एसटी पासच्या याद्या करतो, त्यामुळे मे संपायच्या आतच फोन सुरू होतात, "भाऊ, पासले काय काय लागस?" कागद फार नाहीत. आधी आपलं पोर कुठल्या सवलतीत बसतं ते ठरवा.

मुलगी खेड्यातली आणि पाचवी ते बारावीत असेल, तर अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत. गावातच त्या इयत्तेची शाळा असून तुम्ही तिला लांबच्या शाळेत घातलं असेल, तर मात्र आगारात आधी विचारा. मुलाला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे महिन्याच्या पासचा तिसरा हिस्सा भरायचा. मानव विकास कार्यक्रम, म्हणजे मागास तालुक्यांसाठीची सरकारी योजना, त्या तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या बस आहेत. धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे त्यात सुरुवातीपासून आहेत. त्याच कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५ हजार रुपये मिळतात, पण घर ते शाळा अंतर पाच किलोमीटरच्या आत हवं. त्यासाठी मुलीचं बँक खातं आणि सायकलीची पक्की पावती लागते. बिनपावतीची जुनी सायकल घेऊन मग आमच्याकडे येऊ नका.

आता थांब्याच्या नावाचं. माझी चूक सांगतो. मागे एका मुलीच्या अर्जावर मी आधार कार्डावरचं गाव लिहिलं. तिचं घर मात्र मळ्यात, आणि ती गाडीत चढायची गावाच्या एक थांबा अलीकडच्या फाट्यावर. पास गावापासूनचा, चढली फाट्यावर, येताना फाट्यावर उतरायची, तोवर कोणी काही म्हणालं नाही. पुढे गावात मुक्कामी गाडी येणं बंद झालं, दुसऱ्या मार्गाची गाडी फाट्यावर थांबू लागली आणि कंडक्टरने "हा मार्ग पासवर नाही" म्हणून रोज अर्धं तिकीट फाडलं. त्याचं बरोबरच होतं. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत २०२३ पासून आहे, म्हणून निम्म्यावर भागलं, एवढंच. तेव्हापासून मी पालकांना गाव विचारतच नाही, पोर कुठल्या थांब्यावर हात दाखवतं ते विचारतो. पाड्यावर, शेतात राहणाऱ्यांनी हे आधी बघावं.

कागद म्हणाल तर शाळेचा बोनाफाईड, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो. बोनाफाईड, आधार आणि अर्ज तिन्हीकडे नाव एकसारखं हवं. एकीकडे पाटील आणि दुसरीकडे नुसतं वडिलांचं नाव असं झालं की हेलपाटा ठरलेला. अर्जावर मुख्याध्यापकांची सही, आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. अलीकडे जूनमध्ये एसटीची माणसं शाळेतच येऊन पास देतात. त्यासाठी यादी शाळेकडून वेळेत जावी लागते, म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडे नाव द्या. आगारातल्या रांगेत बापाची एक दिवसाची मजुरी जाते.

पासची मुदत पासवरच असते, ती घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. काळी-पिवळीत पास चालत नाही, हे पोराला एकदा नीट सांगा.

राहिला शनिवार. शाळा सकाळची, आणि गाडी मात्र रोजच्या दहाच्या वेळेची. शाळा सुरू व्हायच्या आधीच आगारात जाऊन शनिवारच्या गाडीची वेळ विचारा. गाडी नसेल तर चार पालकांच्या सह्या, ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र असा अर्ज आगारप्रमुखांकडे द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसली की पुढच्या महिन्यात अर्ज सापडत नाही.