टॅपेट वाजतात म्हणून हेड उघडू नका : जुन्या गाडीच्या इंजिनाचा आवाज ओळखताना या चुका टाळा

जुनी गाडी घेतली, चार दिवस चालवली आणि बॉनेटखालून टिकटिक ऐकू यायला लागली, की पहिला निकाल ठरलेला असतो : 'टॅपेट वाजतात.' टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सेट होतात, टिकटिक तशीच राहते. मग जाड ऑइल पडतं, मग टायमिंग चेनवर संशय येतो, आणि शेवटी कळतं की एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडाचा) एक स्टड तुटलेला होता. आवाज कशासारखा वाटतो यावरून फार थोडं समजतं. तो कधी येतो, इंजिनाच्या किती फेऱ्यांमागे येतो आणि काय केलं की बदलतो, हे पाहिलं तर बहुतेक वेळा मूळ सापडतं. यातलं काहीही तपासायला इंजिन उघडावं लागत नाही.

चूक : गरम इंजिनावर आवाज ऐकून मत बनवणं

गाडी विकणारा इंजिन आधीच गरम करून ठेवतो, हा जुनाच प्रकार आहे. गरम झाल्यावर तीन आवाज हमखास लपतात : पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा (पिस्टन स्लॅप), मॅनिफोल्डच्या गळतीचा आणि सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांतल्या चेनच्या खडखडाटाचा. म्हणून गाडी रात्रभर उभी असायला हवी. सेल्फ मारण्याआधी हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) कव्हरला हात लावून पाहा. कोमट लागलं तर ती तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकला. बॉनेट उघडं ठेवून सेल्फ दुसऱ्याला मारायला सांगा आणि पहिले पाच सेकंद नीट ऐका.

बिग एंड बेअरिंगची (पिस्टनचा कनेक्टिंग रॉड आणि इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, यांच्यातल्या बेअरिंगची) ठकठक मात्र नेमकी उलटी वागते. थंड, घट्ट ऑइल बेअरिंगमधली फट भरून काढतं, म्हणून सकाळी इंजिन सभ्य वाटतं आणि २०-२५ मिनिटं चालवल्यावर बोलायला लागतं. थोडक्यात, एकच गाडी दोनदा ऐकावी लागते, एकदा थंड आणि एकदा पूर्ण गरम.

चूक : ठोके न मोजणं

चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला ८०० आरपीएम असेल तर एका व्हॉल्व्हचा ठोका मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास पडतो. क्रँकशी जोडलेला ठोका सेकंदाला तेरा. कानाने तेरा मोजता येत नाहीत, पण सुटे-सुटे ठोके आणि सलग खटखट यातला फरक कळतो. डिस्ट्रिब्युटर (एकेका प्लगला स्पार्क वाटणारा भाग) आणि प्लगच्या वायर असलेल्या जुन्या गाडीत टायमिंग लाइट एका वायरला लावा. तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. ठोका चमकेबरोबर पडत असेल तर शोध कॅम, रॉकर, टॅपेट किंवा मॅनिफोल्डच्या गळतीकडे न्या. एका चमकेत दोन ठोके पडत असतील तर खालच्या बाजूला, म्हणजे क्रँक आणि बेअरिंगकडे.

रेस दिली तरी ज्याचा वेग बदलत नाही, तो आवाज इंजिनाच्या फिरण्याचा नाहीच. रेडिएटरचा विजेचा पंखा किंवा टाकीतला फ्युएल पंप असू शकतो. क्लच दाबल्यावर येणारा किंवा जाणारा आवाज रिलीज बेअरिंगचा किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची असते, आणि तिच्यासाठी इंजिन खोललेलीही उदाहरणं कमी नाहीत.

चूक : प्रत्येक टिकटिक टॅपेटची समजणं

एकसारखी टिकटिक करणाऱ्या चार-पाच गोष्टी आहेत. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर स्वतःच टिकटिक करतात आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात हाय प्रेशर पंपही. हे नॉर्मल आहे. लांब दांड्याचा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप एकेका इंजेक्टरवर टेकवा. सगळे सारखे वाजत असतील तर सोडून द्या, एकच गप्प किंवा वेगळा असेल तर तिथे लक्ष घाला. स्टेथोस्कोप नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावूनही चालतं, फक्त बेल्ट आणि पंख्यापासून बाही, ओढणी, केस लांब ठेवा. काही गाड्यांत विजेचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरतो.

मॅनिफोल्डची गळती ओळखायची खूण अशी : थंडीत टिकटिक जोरात, भार दिला की आणखी जोरात, आणि धातू तापून प्रसरण पावला की कमी किंवा गायब. जोडावर काळ्या काजळीची रेघ दिसते. हवा ऐकायला स्टेथोस्कोपपेक्षा साधी अर्धा-एक मीटर रबरी नळी बरी. एक टोक कानाशी, दुसरं जोडाच्या कडेने फिरवा. तसंच सैल स्पार्क प्लग. त्याच्या खाचेतून फुस-फुस येते आणि तिथे तेलकट काळपटपणा असतो. प्लग काढून नवीन सीट वॉशरसह ठरलेल्या टॉर्कने बसवला की विषय संपतो.

आता खरे टॅपेट. ॲडजस्ट होणारे असतील तर फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) क्लिअरन्स, म्हणजे फट, मोजा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तो इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण आकडा त्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, आणि तो थंड इंजिनाचा आहे की गरम हेही बघा. मोजताना त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सर्वांत वरच्या बिंदूला) हवा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे आवाज पूर्ण बंद होईपर्यंत टॅपेट आवळणं. आवळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापल्यावर सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि कड जळते. गॅसवर चाललेल्या इंजिनात सीट झिजून क्लिअरन्स आपोआप कमी होत जातो, म्हणून तिथे शांत झालेल्या टॅपेटवर जास्त संशय घ्यावा. थोडे वाजणारे टॅपेट परवडतात.

हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने स्वतःच फट भरणारे) असतील तर सेट करायला काही नसतंच. सकाळी दोन-तीन सेकंद वाजून थांबत असतील तर आधी ऑइल फिल्टर पाहा. आत अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह नसलेला किंवा खराब झालेला फिल्टर रात्रभरात रिकामा होतो आणि वर ऑइल पोचायला वेळ लागतो. योग्य फिल्टर लावून आवाज गेला, तर टॅपेट बदलायचा खर्च वाचला.

चूक : आवाज दाबायला जाड ऑइल

०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं की ठकठक खरंच कमी होते. झीज तिथेच असते. शिवाय थंड सुरुवातीला ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि व्हीव्हीटीचे (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) बारीक मार्ग नीट काम करत नाहीत. विकत घ्यायच्या गाडीचं ऑइल डिपस्टिकवर मधासारखं घट्ट दिसलं, तर तो आवाज झाकायचा प्रयत्न असू शकतो.

पातळी मोजायची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटांनी. कमी ऑइलने टॅपेट वाजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मॅक्सच्या बरंच वर भरलं तरीही वाजतात. क्रँक ऑइलला फेस आणतो, आणि हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हवेचे बुडबुडे गेले की ते दबतात.

ऑइलचा दिवा विझलेला आहे म्हणून प्रेशर ठीक, हा समज सोडा. तो स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला चालतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर कमी नाही, संपलेलं असतं. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा, आयडलिंगला आणि २००० आरपीएमला आकडा घ्या. मॅन्युअल नसेल तर दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना अंदाज पहिल्या चाळणीपुरता चालतो. प्रेशर कमी असेल तर लगेच बेअरिंगवर उडी मारू नका. ऑइल चेंबरमधली पिकअपची जाळी गाळाने किंवा कुणीतरी सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉन सीलंटच्या तुकड्यांनी बुजलेली असू शकते.

गाळाने भरलेल्या इंजिनात फ्लश ओतणं हा जुगार आहे. सुटलेला गाळ त्याच जाळीवर जाऊन बसतो. चेंबर उतरवून जाळी धुवा, योग्य ग्रेडचं ऑइल भरा आणि पहिले दोन बदल १५०० ते २००० किलोमीटरवर करा.

चूक : ठकठक सुरू असताना 'बघू पुढे' म्हणत चालवणं

खालून येणारी जड ठकठक, जी २००० ते २५०० आरपीएमदरम्यान किंवा रेस सोडताना स्पष्ट होते, ती बिग एंडची समजून गाडी उभी करा. शेल (बेअरिंगची अर्धवर्तुळाकार पातळ पट्टी) झिजल्यावर तो फिरून ऑइलचं भोक बंद करू शकतो. पुढे कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो. शेल आणि क्रँक घासण्यापुरतं काम तिथे अख्ख्या इंजिनाचं होतं. मेन बेअरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) आवाज याहून खोल असतो आणि भार घेताना येतो.

सिलिंडर शोधायचा उपाय म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून ऐकणं. जळण थांबलं की त्या रॉडवरचा दाब जातो आणि ठोका मऊ होतो. पिस्टन स्लॅपही असाच मऊ होतो, पण तो थंडीत जास्त असतो. गजन पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा) आवाज दुहेरी, टक-टक असा येतो. मेन बेअरिंगचा ठोका एका सिलिंडरने फारसा बदलत नाही. हे करताना तीन गोष्टी सांभाळा.

चालू इंजिनात प्लगची वायर उपसू नका. झटका बसतो, कॉइल जाते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं. इंजिन बंद करून त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, मग सुरू करून अर्धा मिनिट ऐका.

कॉमन रेल डिझेलचा पाइप सैल करणं ही जुन्या डिझेलची सवय इथे जीवघेणी आहे. रेलमधला दाब १००० बारच्या वर जाऊ शकतो, बारीक धार कातडीतून आत जाते. पिझो इंजेक्टरचा कनेक्टरही चालू इंजिनात काढू नका. स्कॅनरमधली सिलिंडर कट-ऑफ चाचणी वापरा.

आणि ऑटोमॅटिक गाडीत बेअरिंगला हात घालण्याआधी फ्लेक्स प्लेट (क्रँक आणि टॉर्क कन्व्हर्टर जोडणारी चकती) तपासा. तिला तडा गेला किंवा टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट सैल झाले, तर हुबेहूब बिग एंडसारखा ठोका येतो. बेल-हाउसिंगचं छोटं झाकण काढून टॉर्चने पाहता येतं.

संशय पक्का करायला ऑइल काढा आणि फिल्टर कापून कागदाच्या घड्या पसरा. चकचकीत चुरा चुंबकाला चिकटत नाही आणि रंग तांबूस आहे, म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं. चिकटणारा चुरा लोखंडी भागांचा, चेन किंवा कॅमचा.

चढावर वरच्या गिअरमध्ये येणारी किणकिण यात धरू नका. ते नॉकिंग : कमी ऑक्टेनचं पेट्रोल, पुढे गेलेलं इग्निशन, हेडमधला कार्बन किंवा बंद अवस्थेत अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

चूक : चीं-चीं आली की बेल्टवर स्प्रे

स्प्रेने बेल्ट चिकट होतो आणि धूळ धरतो. त्याऐवजी चालू बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुलीची रेष चुकली आहे. किंचाळणं वाढलं तर बेल्ट सरकतो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पाहा. घरघर असेल तर इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि मिनिटभरापेक्षा कमी वेळ चालवा, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्यावरच असतो. आवाज गेला की अल्टरनेटर, आयडलर, पंप एकेक हाताने फिरवा. खरखरीत लागणारं बेअरिंग बोटांना लगेच कळतं.

टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. इंटरफिअरन्स इंजिनात (जिथे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येऊ शकतात) तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. चेनवाल्या इंजिनात खडखडाट गरम झाल्यावरही राहिला किंवा स्कॅनरवर पी००१६सारखा (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा) कोड आला, तर फक्त टेन्शनर बदलून भागत नाही. चेन, गाइड आणि स्प्रॉकेट एकत्र बदला. ताणलेल्या चेनवर नवा टेन्शनर थोडे दिवसच गप्प बसतो.

ठरावीक आरपीएमलाच येणारी पत्र्याची झणझण बहुधा सायलेन्सरच्या हीट शील्डची असते. गार झाल्यावर हाताने ठोकून पाहा, मोठी होज क्लिप आवळली की जाते.

दुरुस्तीतल्या चुका

क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने न मोजता फक्त नवे शेल घालणं सर्वांत वरचं. जर्नल अंडाकृती झालं असेल तर नवा शेलही लवकरच वाजतो. घासलं तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ शेल लागतात, आणि बसवल्यावर फट प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या मऊ धाग्याने) तपासावी लागते. एकदा ताणून बसवायचे रॉडचे आणि हेडचे बोल्ट परत वापरू नका. चेंबरला सीलंट लावायचा तर पातळ, सलग रेघ. आत वाहिलेला भाग जाळीपर्यंत जातो.

जोडणी झाल्यावर थेट इंजिन सुरू करू नका. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून १० सेकंदांच्या टप्प्यांनी, मध्ये स्टार्टरला थंड व्हायला वेळ देत सेल्फ मारा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. मगच फ्यूज लावा. साधारण ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि तो फिल्टरही कापून पाहा.