एजंटच्या ‘प्रगती कळवा’ टूलचं डॉक्युमेंटेशन : या चुका टाळा

मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांत ७६ तालुके आहेत. समजा, या सगळ्या तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी गोळा करून तक्ता बनवण्याचं काम तुम्ही एआय एजंटला, म्हणजे पायरीपायरीने स्वतः काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, दिलंय. काम लांबणारं आहे, म्हणून कुठवर आलंय हे त्याने मध्येमध्ये सांगावं यासाठी एक टूल, म्हणजे एजंटने गरजेला बोलवायची सोय, तीही जोडलीय. थोड्या वेळाने पडद्यावर येतं, ‘७६ पैकी ७६ पूर्ण’. तक्ता उघडून पाहता काही तालुक्यांपुढे ० मिमी दिसतं. हे शून्य पाऊस पडला नाही म्हणून आलंय, की नोंदच मिळाली नाही म्हणून? जुलैत पावसाचा खंड पडलेला असताना दुबार पेरणी करायची की थांबायचं हे असे आकडे पाहून ठरतं. तिथे ही गफलत परवडत नाही.

अशा वेळी सगळे मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, दोष देतात. आधी टूलचं वर्णन उघडून पाहा. बहुतेकदा तिथे एकच ओळ सापडते : ‘कामाची प्रगती कळवण्यासाठी’. माणसाला एवढं पुरतं, कारण बाकीचं तो शेजारच्या टेबलावर विचारून घेतो. एजंटला मात्र तुमच्या ऑफिसातलं काहीच ठाऊक नसतं. टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा नमुना, एवढंच त्याच्या हाती असतं.

‘झालं’ कशाला म्हणायचं, हे न लिहिणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्याख्या दिलेली नसली की एजंट फाइल उघडली तरी ‘झालं’ म्हणतो, पुढे काय करणार आहे ते सांगतानाही ‘झालं’ म्हणतो, आणि चूक येऊन काम अर्धवट राहिलं तरी ‘झालं’ म्हणतो. यात खोटेपणा शोधू नका; स्थिती निवडायला तुम्ही त्याला दुसरा पर्यायच दिलेला नाही.

वर्णनात निदान चार स्थिती वेगळ्या लिहा : सुरू आहे, झालं, नोंद मिळाली नाही, अडकलं. प्रत्येकीची अट एका वाक्यात द्या. उदाहरणार्थ : ‘तालुक्याचा आकडा मूळ तक्त्यातून वाचून, आपल्या तक्त्यात लिहून, पुन्हा वाचून ताडला असेल तरच “झालं” कळवा. मूळ तक्त्यात रकाना रिकामा असेल तर “नोंद मिळाली नाही” कळवा. तिथे शून्य भरू नका.’ सोबत पुराव्याचा एक रकाना सक्तीचा ठेवा : आकडा कोणत्या फाइलमधून, कोणत्या ओळीतून घेतला. पुरावा द्यावा लागतो म्हटल्यावर पोकळ ‘झालं’ खूप कमी होतात. आणि ‘करणार आहे’ हे या टूलमधून कळवायचंच नाही, हेही स्पष्ट लिहा.

दोन वेगळ्या यंत्रणा एकाच पानावर

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही एआयला बाहेरच्या टूल्सशी जोडण्याची ठरावीक पद्धत; अँथ्रोपिक या एआय कंपनीने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. त्यात प्रगती कळवण्याची स्वतंत्र सोय आहे. विनंती करणारा विनंतीसोबत एक प्रोग्रेस टोकन (ती विनंती ओळखण्याची खूण) पाठवतो आणि सर्व्हर, म्हणजे टूल पुरवणारा प्रोग्रॅम, त्या टोकनाच्या हवाल्याने सूचना (नोटिफिकेशन) पाठवतो. सूचना पाठवायच्याच अशी सक्ती सर्व्हरवर नाही, आणि सूचनेला उत्तर येत नाही. एजंटने स्वतः बोलवायचं टूल ही निराळी गोष्ट आहे. त्या प्रत्येक हाकेला मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमधली (एका वेळी लक्षात राहणाऱ्या मजकुरातली) जागा खर्च होते.

दोन्हींचं वर्णन एकत्र केलं की वाचणारा डेव्हलपर ‘टोकन कुठे द्यायचं’ म्हणून टूलच्या रकान्यांत शोधत बसतो, आणि एजंट दर ओळीला टूल बोलवत सुटतो. पानं वेगळी करा. टूलच्या पानावर हाक कधी मारायची ते मोजून सांगा : एक जिल्हा संपल्यावर, किंवा काम अडल्यावर. तालुक्यागणिक वेगळी हाक नको.

आकडे मागे जातात किंवा ७६ च्या पुढे जातात

एमसीपीच्या सूचनेत प्रगतीचा आकडा दर वेळी वाढलाच पाहिजे. परभणीचे तालुके पुन्हा तपासायला घेतले म्हणून ४० वरून ३१ वर येता येत नाही. एकूण किती काम आहे ते माहीत नसेल तर तो रकाना सोडून देण्याची मुभा आहे. आपल्या टूललाही हाच नियम लावा, नाहीतर एजंट अंदाजाने ‘८० टक्के’ लिहून मोकळा होतो.

७६ चे ७८ झाले तर नावं बघा. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या फाइलींत जुनी नावं, नव्या फाइलींत नवी. एजंट त्यांना वेगवेगळे तालुके धरतो. अंबाजोगाई आणि अंबेजोगाई यांचंही तेच. मोजणी नावावर न ठेवता तालुक्याच्या ठरावीक कोडवर ठेवा, आणि कोडची यादी वर्णनातच द्या.

आणखी एक खास आपली अडचण. संदेश मराठीत लिहायला सांगितलं की एजंट कधीकधी संख्येच्या रकान्यातही देवनागरी ४२ लिहितो. जेसन (JSON) या माहिती पाठवायच्या साच्यात संख्या फक्त इंग्रजी अंकांतच चालते, त्यामुळे तो संदेश वाचलाच जात नाही. ‘मजकूर मराठीत, संख्या इंग्रजी अंकांत’ असं लिहा आणि खाली भरलेला नमुना द्या. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, मराठीऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसत असतील, तर पायथनमध्ये जेसन बनवताना ‘एन्शुअर आस्की’ (ensure_ascii) हा पर्याय बंद करा. माहिती बिघडलेली नसते, फक्त वाचता येत नाही.

कळवलं की काम थांबतं

टूल नुसतं ‘ओके’ परत पाठवतं आणि एजंट काम आटोपलं असं धरून चालतो. परतीच्या मजकुरातच लिहा : ‘नोंद घेतली. पुढच्या जिल्ह्याचं काम चालू ठेवा.’ टूलच बंद पडलं तर काय, हेही सांगा. गावातल्या नेटवर्कवर हे घडणारच. एकदा पुन्हा प्रयत्न करा, नाही जमलं तर काम पुढे न्या आणि शेवटी एकत्र कळवा.

सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर (stdio) चालत असेल तर त्यात साधं ‘प्रिंट’ ठेवू नका. त्या वाटेवर फक्त प्रोटोकॉलचे संदेश जायला हवेत, लॉग स्टँडर्ड एररच्या (stderr) वाटेने पाठवा. आणि प्रगती कळवत राहिलं की टाइमआउट होणार नाही, म्हणजे वेळ संपली म्हणून विनंती तुटणार नाही, असं आश्वासन डॉक्युमेंटेशनमध्ये देऊ नका. सूचना आल्यावर घड्याळ पुन्हा सुरू करायचं की नाही हे क्लायंट, म्हणजे विनंती करणारा प्रोग्रॅम, ठरवतो, आणि तरीही त्याने एक कमाल मर्यादा ठेवावी असं प्रोटोकॉल सांगतो.

लिहून झालं की वर्णन एका नव्या एजंटला द्या, आधीच्या गप्पांचा संदर्भ न देता. मग त्याला तीन प्रसंग घाला : हिंगोलीची फाइल रिकामी आली, बीडचा एक तालुका दोनदा आला, कळवण्याचं टूल बंद पडलं. तिन्ही वेळा तो काय कळवतो ते बघा. जिथे अडखळला, त्या जागेचं वाक्य पुन्हा लिहा आणि पुन्हा नव्याच एजंटला द्या. आधीच्याला तुमचा खुलासा आता माहीत झालेला असतो.