चेन्नम्मा टेबलावर आणताना

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गटात निम्मे मराठी, निम्मे कन्नड. माझ्या भाचीला डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (टेबलाभोवती बसून, पात्रं साकारत फाशांवर खेळायचा खेळ) १९६१च्या कन्नड चित्रपटात बी. सरोजादेवींनी साकारलेली कित्तूरची राणी चेन्नम्माच खेळायची होती. कित्तूर इथून जवळ, त्यामुळे ती दुबळी झालेली कुणालाच चालणार नव्हती.

अडचण तलवारीची. खेळाच्या २०१४च्या नियमांत लाँगस्वर्ड, म्हणजे लांब सरळ तलवार, ताकदीवर चालते. आम्हाला हवी होती चपळ राणी: डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, स्ट्रेंग्थ (ताकद) १०. म्हणजे पहिल्या लेव्हलला लाँगस्वर्डने वार लागतो का हे ठरवणाऱ्या फाशात फक्त +२. रेपियर ही सडपातळ तलवार चपळाईवरही चालते, तिने तोच वार +५ होतो, आणि नुकसानाचा फासा दोन्हींना आठ बाजूंचाच. मग आकडे रेपियरचे घेतले, वर्णन आपल्या तलवारीचं. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) लगेच होकार दिला.

पात्राचा वर्ग फायटर (लढवय्या), लढण्याची शैली ड्युएलिंग: नुकसानात +२. ही शैली हातात ढाल असली तरी चालते, हे फार मोलाचं, कारण ढाल-तलवारीशिवाय आपल्याकडची राणी डोळ्यांपुढे येतच नाही. शिवाय ढालीचे संरक्षणात +२.

खरी राणी मात्र तिसऱ्या लेव्हलला दिसली. बॅटल मास्टर हा फायटरचा डावपेचांचा उपप्रकार घेतला की तीन डाव निवडता येतात. रिपोस्ट, म्हणजे शत्रूचा वार हुकला की उलटा वार. रॅली सोबत्याला उभारी देतो. आणि कमांडर्स स्ट्राइक: आपला एक वार सोडून सोबत्याला वार करायला लावायचा. १८२४मध्ये कंपनीच्या फौजेसमोर उभी राहिलेली राणी सैन्य घेऊन लढली होती, म्हणून हा तिसरा डाव मी हट्टाने घ्यायला लावला. भाची आता तो सर्वांत जास्त वापरते, आणि हुकूम कन्नडमध्ये देते.