मराठी माध्यमातून सायन्सला आलात? आधी हे शब्द पक्के करा

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि त्यानंतर भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळं एकदम इंग्रजीत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेतून मी असाच पुण्याला आलो, फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि आता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. जून-जुलैमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "सर, व्होकॅब कशी वाढवू?" विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेचं जाडजूड शब्दांचं पुस्तक असतं किंवा मोबाइलमध्ये 'रोज दहा नवे शब्द' देणारं ॲप. दोन्ही सध्या बाजूला ठेवा असं मी सांगतो. पहिल्या सत्रात तुम्हाला अडवणारे शब्द तिथे क्वचितच भेटतात.

अडवणारे शब्द विज्ञानाचेही नसतात. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम हे बालभारतीच्या पुस्तकात कंसात दिलेलं असायचं, त्यामुळे ते ओळखीचे असतात. आणि एखादा अगदी नवा पारिभाषिक शब्द आला, तर शिक्षक थांबून त्याची व्याख्या सांगतात, फळ्यावर लिहितात. पण 'लेट अस ॲझ्यूम दॅट द स्ट्रिंग इज मासलेस' या वाक्यातल्या ॲझ्यूमची व्याख्या कुणी सांगत नाही. दोरीला वस्तुमान नाही असं आपण मानून चाललो आहोत, हे ज्याला कळलं नाही त्याला पुढचं सगळं गणित हवेत गेल्यासारखं वाटतं. निग्लेक्ट, हेन्स, व्हेअरॲझ, रिस्पेक्टिव्हली, आर्बिट्ररी हे सगळे याच जातीचे. 'व्हेरी' हे क्रियापद तर कानाला 'खूप'वालं व्हेरीच वाटतं. 'प्रेशर व्हेरीज विथ डेप्थ' म्हणजे खोलीनुसार दाब बदलतो, हे वर्गात पहिल्यांदा ऐकताना लक्षात येणं अवघडच आहे.

रोजच्या बोलण्यातले आणि पारिभाषिक यांच्या मधल्या थरातल्या या शब्दांवर नीट काम झालेलं आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. रोजच्या वापरातले सुमारे २००० शब्द वगळून, सगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुळं त्यांनी निवडली. अशा मजकुरात साधारण दर दहा शब्दांमागे एक शब्द या यादीतला निघतो. कथा-कादंबऱ्यांत मात्र हे प्रमाण शंभरात दीडच्याही खाली आहे. इंग्रजी कादंबऱ्या जरूर वाचा, त्याने वाचनाचा वेग वाढतो, भीती जाते. पण डिराइव्ह आणि इंडिकेट त्यातून आपोआप येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

ही यादी इंटरनेटवर मोफत मिळते. तिचे दहा भाग आहेत आणि सर्वांत जास्त वेळा येणारी ६० कुळं पहिल्या भागात आहेत. सुरुवात तिथूनच करा. कूळ म्हणजे एका शब्दाचं सगळं गणगोत: व्हेरी, व्हेरिएबल, व्हेरिएशन, व्हेरिअन्स. एक पक्का झाला की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. दिवसाला चार-पाच कुळं पुरेत. त्यापेक्षा जास्त घेतली तर आठवडाभरात कंटाळा येतो, हे मी दरवर्षी बघतो.

शब्द वहीत उतरवताना नुसता अर्थ लिहू नका. तो शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकात ज्या वाक्यात आला, ते अख्खं वाक्य लिहा. मराठीत आपण आलेखही काढतो आणि निष्कर्षही काढतो. इंग्रजीत ग्राफ 'प्लॉट' करतात आणि कन्क्लूजन 'ड्रॉ' करतात. एक्स्परिमेंट 'कंडक्ट' होतो, रीडिंग 'टेक' होतं, एक्स्प्रेशन 'डिराइव्ह' होतं. शब्दाबरोबर येणारं क्रियापद माहीत नसेल तर अर्थ ठाऊक असूनही वाक्य जमत नाही, आणि लेखी पेपरात मुलं नेमकी इथे अडकतात. यासाठी इंग्रजी-मराठी कोशापेक्षा ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्ससारखा कोश जास्त कामाचा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच तो केलेला आहे, त्यातल्या व्याख्या सोप्या शब्दांत असतात आणि वापराची वाक्यं भरपूर. कॉलेजच्या ग्रंथालयात एखादी प्रत बहुधा असते.

तरीही मराठी सोडू नका. हे मी अभिमानापोटी सांगत नाही, विषय कळण्यासाठी सांगतो. इंग्रजीत सोल्यूशन हा एकच शब्द रसायनशास्त्रातही येतो आणि गणितातही. आपल्याकडे एक द्रावण, दुसरी उकल. सेल म्हणजे जीवशास्त्रात पेशी, विद्युतशास्त्रात घट. बेस म्हणजे त्रिकोणाचा पाया आणि आम्लाच्या जोडीला येणारी आम्लारी. पॉवर म्हणजे कधी शक्ती, कधी घात. ज्याच्या डोक्यात हे मराठी शब्द वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत, त्याचा गोंधळ कमी होतो. तीच गोष्ट शब्दांच्या तुकड्यांची. विद्युत अपघटन हा शब्द येत असेल तर इलेक्ट्रोलिसिसमधलं 'लिसिस' म्हणजे विघटन हे लगेच जुळतं, आणि मग हायड्रोलिसिस, ग्लायकॉलिसिस नव्याने पाठ करावे लागत नाहीत. उष्मादायी आणि उष्माग्राही यांवरून 'एक्झो' म्हणजे बाहेर आणि 'एंडो' म्हणजे आत, हेही असंच बसतं.

मराठी विश्वकोश आता ऑनलाइन मोफत वाचता येतो. इंग्रजी प्रकरण उघडण्याआधी त्याच विषयाची विश्वकोशातली नोंद वाचायची सवय मी लावून घेतली होती. नोंदीतली भाषा थोडी जड असते, पण कल्पना एकदा डोक्यात शिरली की इंग्रजी परिच्छेदातले अर्धे अनोळखी शब्द संदर्भावरून उलगडतात. मला स्वतःला सगळ्यात जास्त फायदा याच सवयीचा झाला.

उजळणीबद्दल थोडक्यात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं पहिल्या काही तासांत-दिवसांत भराभर विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्यातून दिसलं. म्हणून नवा शब्द दुसऱ्याच दिवशी बघायचा, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. बघायचा म्हणजे अर्थ झाकून आठवायचा. नुसत्या नजर फिरवण्याने आपल्याला येतंय असा भास होतो, पेपरात काही आठवत नाही. अंकी नावाचं सॉफ्टवेअर हे वेळापत्रक आपोआप सांभाळतं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे. मोबाइल हातात घेतला की लक्ष भलतीकडे जात असेल, तर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि तीन रिकामे डबे घ्या. आलेला शब्द पुढच्या डब्यात, चुकलेला पुन्हा पहिल्या. पहिला डबा रोज उघडायचा, तिसरा पंधरवड्याने.

वाचून ओळखता येणारा शब्द तोंडातून यायला आणखी वेळ लागतो. त्यासाठी प्रॅक्टिकलचं जर्नल वापरा. एम, ॲपॅरेटस, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन, रिझल्ट, प्रिकॉशन्स हा साचा दर आठवड्याला येतो, आणि बहुतेक मुलं तो सीनियरच्या जर्नलमधून जसाच्या तसा उतरवतात. निदान प्रोसिजर आणि प्रिकॉशन्स स्वतःच्या वाक्यांत लिहा, आणि सबमिशनआधी पार्टनरला ते मोठ्याने सांगा. प्रयोग हाताने केलेला असतो, त्यामुळे काय सांगायचं ते माहीत असतं. फक्त शब्द शोधायचे असतात. बोलण्याच्या सरावाला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

परीक्षेच्या महिनाभर आधी विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढा आणि प्रत्येक प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा. 'स्टेट' म्हटलं की नियम फक्त मांडायचा, सिद्धता द्यायची नाही. 'डिराइव्ह' असेल तर प्रत्येक पायरी हवी. 'डिस्टिंग्विश बिटवीन'ला दोन रकाने आखून मुद्द्यासमोर मुद्दा. 'जस्टिफाय' म्हणजे कारण द्या. नुसतं हो किंवा नाही चालत नाही. विषय येत असूनही 'स्टेट'ला दोन पानं लिहिणारी आणि मग वेळ कमी पडणारी मुलं मी पेपर तपासताना बघतो, आणि फार वाईट वाटतं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, प्रश्नातला एखादा शब्द कळला नाही तर गप्प बसू नका. 'सर, कुड यू प्लीज रिफ्रेज द क्वेश्चन' हे वाक्य आधीच तोंडात बसवून ठेवा. त्याबद्दल गुण कापले गेल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. व्याख्या आणि सूत्र इंग्रजीत सांगून पुढचं स्पष्टीकरण मराठीत देऊ का, असंही विचारता येतं. आपल्याकडचे बरेच परीक्षक त्याला हो म्हणतात, कारण त्यांच्यातलेही अनेक जण मराठी शाळांतूनच आलेले असतात.