पावसाळ्यात अख्ख्या कळपाला जंताचे औषध पाजण्याआधी

पाऊस सुरू झाला की सगळ्या शेळ्या-मेंढ्यांना एकदम जंताचे औषध पाजून टाकण्याची घाई होते. यंदा ही घाई आवरा. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन या सगळ्यांना न जुमानणारे जंत आज जगभर आढळतात. थायाबेंडाझोल हे जंताचे औषध १९६१ मध्ये बाजारात आले आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या जंतांची नोंद झाली.

सर्वांत घातक जंत म्हणजे हिमोंकस. तो चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक मादी रोज ५ ते १० हजार अंडी घालते आणि ऊब व ओल मिळाली की आठवड्याभरात गवतावर अळ्या तयार होतात. या जंताने सहसा हगवण लागत नाही, म्हणून तो उशिरा लक्षात येतो. जनावर कळपामागे रेंगाळते, जबड्याखाली पाणी उतरते. कधी कधी तर आदल्या दिवशी चांगले चरलेले करडू सकाळी मेलेले सापडते.

औषधातून जे जंत वाचतात, पुढची पिढी त्यांचीच वाढते. सगळा कळप पाजून लगेच ताज्या कुरणात नेला, तर तिथे फक्त या चिवट जंतांची अंडी पडतात. म्हणून धडधाकट जनावरे मुद्दाम औषधाविना ठेवायची. त्यांच्या पोटातल्या, औषधाने मरणाऱ्या जंतांची अंडी कुरणात मिसळत राहतात आणि चिवट जंतांचे प्रमाण वाढत नाही. तसेही कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात.

जास्त जंत असलेली ही जनावरे ओळखायची डोळ्यांवरून. उजेडात खालची पापणी उलटून आतला रंग फमाचा तक्त्याशी, म्हणजे पापणीच्या रंगाच्या १ ते ५ छटा छापलेल्या कार्डाशी, ताडून पाहा. १ आणि २ म्हणजे लालसर, औषध नको. ४ आणि ५ म्हणजे फिकट ते पांढरा, लगेच पाजा. ३ आल्यास कोकरे, करडे, गाभण, दुभत्या आणि अशक्त जनावरांनाच द्या. भर पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी ही तपासणी हवीच. एक ध्यानात ठेवा, यकृतातील चपट्या जंतांनी किंवा गोचिडांनीही पापणी पांढरी पडते; आणि हगवण लावणारे जंत पापणीवरून कळत नाहीत.

मात्रेत काटकसर करू नका. अर्धवट मात्रा म्हणजे चिवट जंतांना मोकळे रान. अंदाजाने नव्हे, वजन करूनच मात्रा ठरवा; ते जमत नसेल तर त्या गटातल्या सर्वांत जड जनावराच्या वजनाने सर्वांना द्या. औषध जिभेच्या मुळाशी सोडा. शेळीच्या शरीरातून औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जाते, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला बऱ्याचदा कमी पडते. पण वाढीव मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या, कारण लेव्हामिसोल थोडे जास्त झाले तरी विषबाधा होते. अल्बेंडाझोल गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये. औषधानंतर दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही, हे बाटलीवर वाचा.

औषध चालते की नाही, हे लेंड्यांतली अंडी मोजल्यावरच कळते. पाजण्याच्या दिवशी आणि १० ते १४ दिवसांनी त्याच जनावरांच्या ताज्या लेंड्या तपासायला द्या. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील, तर त्या औषधाला प्रतिकार आला असे समजा. मग दुसरे औषध निवडताना बाटलीवरच्या नावाला भुलू नका, आतला घटक वाचा. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल घेतले तर काही बदलत नाही, दोन्ही एकाच गटातली.

विकत आणलेले जनावर थेट कळपात सोडू नका, कारण चिवट जंत बहुधा याच वाटेने येतात. ते वेगळे बांधा, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दोन निरनिराळ्या गटांतली औषधे एकाच दिवशी द्या आणि १० ते १४ दिवसांनी लेंड्या तपासा. अंडी दिसली नाहीत तरच बाहेर काढा, तेही तुमचा कळप आधीपासून चरत असलेल्या कुरणात.